पवित: महिनाभर बेवारस वाहत जुहूच्या वाळूला लागलेली टाकीनौका

31 जुलै 2011, रविवार. सकाळी जुहूच्या किनाऱ्यावर एक तेलवाहू टाकीनौका रुतलेली दिसली. तिच्यावर माणूस नव्हता, दिवा नव्हता, इंजिनही बंद होते. नाव एमटी पवित, झेंडा पनामाचा, वजनाने हजार टनांच्या घरातली. तिचे 13 खलाशी ती जून महिन्याच्या अखेरीस ओमानपुढच्या समुद्रात सोडून गेले होते. इंजिनखोलीत पाणी शिरून वीज गेली होती, समुद्र खवळलेला होता आणि ब्रिटिश नौदलाच्या एचएमएस सेंट अल्बान्स या युद्धनौकेने त्यांना वाचवले. जहाज बुडाले असे त्यानंतर धरून चालण्यात आले. ते बुडाले नाही. सुमारे 31 दिवसांत अख्खा अरबी समुद्र ओलांडून ते थेट मुंबईच्या उपनगरात आले.

त्या पावसाळ्यातले हे एकटे प्रकरण नव्हे. 11 जूनला एमव्ही विस्डम हे भंगारात निघालेले मालवाहू जहाज कोलंबोहून गुजरातेतल्या अलंगच्या जहाजतोडणी किनाऱ्याला ओढून नेताना दोर तुटून जुहूलाच लागले होते. 4 ऑगस्टला एमव्ही राक हे साठ हजार टनांहून अधिक कोळसा घेऊन निघालेले जहाज मुंबईपासून सुमारे 20 सागरी मैलांवर बुडाले. तरी अभ्यासाला पवित जास्त उपयोगी, कारण खलाशी उतरल्यापासून वाळूला लागेपर्यंत तिला कोणी हात लावला नाही. सगळा प्रवास वारा, लाटा आणि प्रवाह यांचा. असा प्रवास कागदावर मांडता येतो आणि पावसाळ्यात तो मांडला की उत्तर बहुतेक वेळा कोकण किंवा सौराष्ट्र असेच निघते.

ती बुडाली का नाही

टाकीनौकेचे पोट आडव्या पोलादी भिंतींनी कप्प्याकप्प्यांत वाटलेले असते. पुढे नाळेचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचा, कप्पा, मध्ये मालाच्या टाक्या, मागे पंपखोली आणि इंजिनखोली. इंजिनखोली हा सगळ्यांत मोठा मोकळा कप्पा, म्हणून तिथे पाणी भरले की नौका मागून खाली बसते, नाळ वर उचलली जाते आणि बघणाऱ्याला वाटते की आता ही गेली. पण मालाच्या टाक्यांची झाकणे घट्ट असतील आणि त्या रिकाम्या किंवा पाण्याहून हलक्या तेलाने भरलेल्या असतील, तर याच टाक्या तिला उचलून धरतात. दुसरा कप्पा भरल्याशिवाय अशी नौका सहसा तळ गाठत नाही. दुसरा कप्पा भरतो तो बहुधा मधल्या भिंतीतून गेलेल्या नळांच्या आणि तारांच्या भोकांतून, नाहीतर उघड्या राहिलेल्या वायुवाहिन्यांतून. निघताना कोणी वीस मिनिटे खर्चून झडपा, दारे आणि वायुवाहिन्यांची तोंडे बंद केली असतील, तर ते जहाज अनेक आठवडे तरंगू शकते.

म्हणून सोडून दिलेल्या जहाजाबद्दल ‘बुडाले असावे’ हा शब्दप्रयोग नोंदवहीत येऊच नये. कोणी डोळ्यांनी बुडताना पाहिले नसेल, तर ते तरंगते आहे असेच धरायचे आणि त्याच तासापासून त्याचा माग मांडायला घ्यायचा. पवितच्या बाबतीत सगळे घोडे इथेच अडले.

वाऱ्याचा हिशेब

मेलेले जहाज वाऱ्याला कूस देऊन आडवे पडते. वारा त्याच्या पाण्यावरच्या भागाला ढकलतो, पाणी त्याच्या बुडालेल्या भागाला अडवते, आणि दोन्ही जोर सारखे झाले की वेग स्थिर होतो. हवेची घनता घनमीटरला 1.2 किलो, समुद्राच्या पाण्याची 1025 किलो. दोन्ही बाजूंचे क्षेत्रफळ आणि आकाराचा अडथळा सारखा धरला, तर वाहण्याचा वेग वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे 3.4 टक्के निघतो. पाण्यावरचा भाग बुडालेल्या भागाच्या दुप्पट असेल तर तोच आकडा 4.8 टक्क्यांवर जातो. म्हणून रिकामे जहाज भरलेल्यापेक्षा भरभर वाहते. पवित मागून पाण्याने जड झालेली होती, त्यामुळे 3 टक्के धरणे रास्त.

जुलैमध्ये मध्य अरबी समुद्रात नैऋत्येचा वारा 25 ते 30 नॉट असतो (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, सुमारे 1.85 किलोमीटर), कोकणाजवळ येईपर्यंत तो पश्चिमेकडे कलतो आणि 15 ते 20 नॉटवर येतो. सगळ्या वाटेची सरासरी 22 नॉट घेऊ. त्याचे 3 टक्के म्हणजे 0.66 नॉट, दिशा पूर्व-ईशान्य.

आता प्रवाह. उन्हाळी मोसमात सोमालियाच्या किनाऱ्याने उत्तरेकडे धावणारा प्रवाह जगातल्या सर्वांत वेगवान प्रवाहांत मोडतो, आणि ओमानच्या रास अल हद्द टोकापाशी किनारी पाणी समुद्रात बाहेर फेकले जाते. पण खुल्या समुद्रात गेल्यावर वेग पुष्कळ उतरतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आपल्या गोलार्धात वरच्या थराचे पाणी वाऱ्याच्या उजवीकडे सरकते, त्यामुळे नैऋत्येच्या वाऱ्याखाली पृष्ठभागाचे पाणी आग्नेयेकडे जाते. वेग साधारण 0.4 नॉट धरू. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाहही या महिन्यांत दक्षिणेकडेच वाहतो, फक्त मुंबईसमोर तो बराच मंद असतो.

दोन्ही बाण जोडा. वारा नौकेला तासाला 0.61 मैल पूर्वेकडे आणि 0.25 मैल उत्तरेकडे नेतो. प्रवाह 0.28 मैल पूर्वेकडे आणि तेवढाच दक्षिणेकडे. उत्तर-दक्षिण जवळपास फिटते, आणि हातात उरतो ताशी 0.89 मैल, सरळ पूर्वेकडे. दिवसाला 21 सागरी मैल, 31 दिवसांत 660. जुहूपासून पश्चिमेला 660 मैल मोजत गेले की माणूस ओमानच्या मसिरा बेटापुढच्या पाण्यात पोचतो. इतक्या ढोबळ आकड्यांनी उत्तर इतके जवळ यावे यात नशिबाचाही वाटा आहे हे खरे, पण एखाद्या अधिकाऱ्याने 1 जुलैला पाठकोऱ्या कागदावर एवढेच केले असते, तर महिनाअखेरीस कुठे पाहारा ठेवायचा हे कळले असते.

एक गुंतागुंत मात्र आहे. कूस देऊन पडलेले जहाज वाऱ्याच्या अगदी सरळ रेषेत वाहत नाही. मागे उंच केबिन असलेल्या टाकीनौकेचा मागचा भाग वारा जास्त पकडतो, नाळ थोडी वाऱ्याकडे वळते आणि जहाज वाऱ्याच्या डावीकडे किंवा उजवीकडे तिरके सरकू लागते. डावीकडे की उजवीकडे, हे पहिल्या काही तासांत ठरते, आणि मोठ्या लाटेने बाजू पालटलीच तर वाटही पालटते. त्यामुळे माग एका रेषेने नव्हे, पंख्यासारख्या पट्ट्याने मांडावा लागतो. दोन्ही बाजूंना 15 अंश सोडले, तर 660 मैलांवर पट्टा दोन्हीकडे 175 मैल पसरतो. मुंबई मध्ये धरली तर सौराष्ट्रापासून मालवणपर्यंत. एवढ्या लांबीचा किनारा राखणे अशक्यच. पण वाटेत एकदा जरी विमानाने ती पाहिली, तरी पंखा तिथून नव्याने सुरू होतो. किनाऱ्यापासून तीन दिवसांवर, म्हणजे 63 मैलांवर, ती दिसली असती तर पट्टा दोन्हीकडे जेमतेम 17 मैलांचा उरला असता. वसई ते अलिबाग एवढेच म्हणा. म्हणून अशा प्रकरणात एक लांबलचक शोध घेण्यापेक्षा दर चार-पाच दिवसांनी एकेक छोटी फेरी जास्त कामाची.

वाटेत काय होते

मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटर पश्चिमेला बॉम्बे हायचे तेलक्षेत्र आहे. वरच्या वेगाने मागे मोजत गेले तर पवित त्या रेखांशावर 27 जुलैच्या आसपास असणार. समुद्रात उभ्या केलेल्या प्रत्येक तेलफलाटाभोवती जहाजांना 500 मीटरची बंदी असते, पण बंदी पाळायला सुकाणूवर कोणीतरी लागते. हजार टनांचे धूड एक नॉटने येऊन आदळले तर फलाट पडत नाही. भीती असते ती बाहेरून वर चढलेल्या वायूच्या उभ्या नळांची, ज्यांना राइझर म्हणतात. 27 जुलै 2005 ला पावसाळी लाटांत समुद्र सुरक्षा ही आधारनौका बॉम्बे हाय उत्तर फलाटाच्या राइझरवर आपटली, वायू पेटला, दोन तासांत फलाट खाक झाला आणि 22 जण गेले. पवित त्या फलाटांच्या रांगेतून कशालाही न घासता निघाली. ही मुंबईची खरी सुटका, आणि वाळूत रुतलेल्या जहाजाचे फोटो काढणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तिची जाणीव होती.

मग ती दिसली कशी नाही? जहाजांची ओळख आणि जागा आपोआप सांगणारी एआयएस यंत्रणा विजेवर चालते. वीज गेली की आणीबाणीची बॅटरी काही तास पुरते आणि जहाज पडद्यावरून नाहीसे होते. संकटाचा 406 मेगाहर्ट्झचा उपग्रही बोया 48 तास हाक देण्यासाठी बनवलेला असतो, महिनाभर नव्हे. उरले रडार. तीन-चार मीटरच्या लाटांत रडारच्या पडद्यावर समुद्राचाच गोंगाट इतका असतो की तो दाबताना छोटे, संथ लक्ष्य सोबत पुसले जाते. 26/11 नंतर आखलेली किनारी रडारांची साखळी तेव्हा पुरती बसलेलीही नव्हती.

आणि सर्वांत भरवशाची नजर तर बंदरात बांधलेली होती. त्या काळी महाराष्ट्रात मासेमारीबंदी 10 जूनपासून 15 ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांतले जे आधी येईल तिथवर असे. एरवी या पट्ट्यात शेकडो होड्या फिरत असतात, आणि अंधाऱ्या जहाजाची खबर वायरलेसवरून ससून डॉकला पोचायला तास लागत नाही. जुलैत वर्सोव्याचे नाखवा जाळी विणत घरी बसलेले असतात.

आणखी एक फट कागदोपत्री. समुद्रातल्या धोक्यांच्या सूचना देण्यासाठी जग विभागांत वाटलेले आहे. ओमानपुढचे पाणी नवव्या विभागात, त्याचा समन्वय पाकिस्तानकडे. भारताभोवतीचे आठव्या विभागात, त्याचा समन्वय देहराडूनच्या जलालेखन कार्यालयाकडे. बेवारस जहाज एका विभागातून दुसऱ्यात वाहत जाते, पण त्याची सूचना कोणी पुढे ढकलल्याशिवाय सीमा ओलांडत नाही. सूचनेत शेवटची पाहिलेली जागा, वेळ, नौकेची पाण्यातली स्थिती आणि वाहण्याचा अंदाजी वेग-दिशा असायला हवी. नुसते ‘सावध राहा’ म्हणून काही उपयोग नाही.

आज हा हिशेब हाताने मांडावा लागत नाही. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्री माहिती केंद्राची सारत ही प्रणाली 2016 पासून शोध-बचावासाठी वापरात आहे. वस्तूचा प्रकार, शेवटची जागा आणि वेळ भरली की ती वारा व प्रवाहांच्या अंदाजावरून शोधाचा पट्टा आखून देते. पण ती चालवायलाही कोणीतरी ‘जहाज तरंगते आहे’ असे आधी मान्य करावे लागते.

जहाज सोडताना मागे काय ठेवावे

माणसांचा जीव पहिला, यात वाद नाही. पण हाताशी अर्धा तास असेल तर काही कामे पुढचा महिना बदलतात. कप्प्यांची दारे आणि वायुवाहिन्या बंद करणे हे झालेच. त्यापुढचे काम म्हणजे ओढायची सोय. नाळेवरच्या मजबूत खुंटाला जाड दोर अडकवून त्याचे तोंड बाहेर सोडायचे, त्याला तरंगती बारीक दोरी आणि तिच्या टोकाला भडक रंगाचा बोया. असे केले असेल तर नंतर येणाऱ्या टगला, म्हणजे ओढनौकेला, माणूस न चढवताच दोरी आकड्याने उचलून घेता येते. खवळलेल्या समुद्रात बंद जहाजावर माणूस चढवणे हेच सगळ्यांत धोक्याचे काम. वीस हजार टन वहनक्षमतेच्या वरच्या टाकीनौकांना अशी कायमची सोय सक्तीची आहे. पवितसारख्या लहान नौकांना नाही, आणि बेवारस होण्याची पाळी मात्र जुन्या, लहान, हातावर पोट असलेल्या नौकांवरच जास्त येते.

दिव्याचे आणि मागाचे साधन ठेवावे. सौर दिवा आणि उपग्रहावर जागा कळवणारे एक छोटे यंत्र, दोन्ही मिळून एका माणसाला उचलता येतील एवढे. डेकवर उघड्यावर बांधायचे, केबिनमध्ये नाही.

नांगराबद्दल दोन मते आहेत, आणि दोन्हींत तथ्य आहे. तीन हजार मीटर खोल पाण्यात नांगर टाकून काही होत नाही. पण साखळी पाच-सहा शॅकल, म्हणजे 140 ते 165 मीटर, खाली लोंबत सोडून ब्रेक आवळला, तर जहाज उथळ पाण्यात आल्यावर नांगर तळाला लागतो. मुंबईसमोर उथळ तळ शेकडो किलोमीटर पसरलेला आहे, बॉम्बे हायपाशी पाणी 75 मीटरच्या आसपास. तिथे अशी नौका नांगर फरफटवत मंदावली असती, कदाचित थांबलीही असती, आणि टगला दोन-चार दिवस मिळाले असते. पण त्याच तळावर बॉम्बे हायहून किनाऱ्याकडे येणाऱ्या तेल-वायूच्या वाहिन्याही आहेत. फरफटणारा नांगर अशा वाहिनीत अडकणे जहाज वाळूला लागण्यापेक्षा शंभर पट वाईट. माझे मत असे की या किनाऱ्याच्या दिशेने वाहणाऱ्या जहाजाचा नांगर बांधलेलाच बरा. आफ्रिकेच्या मोकळ्या किनाऱ्यासमोर उत्तर वेगळे असेल.

वाळूला लागण्याची वेळ

किनाऱ्यापासून शेवटच्या पंधरा-वीस मैलांत मोसमी प्रवाहापेक्षा भरती-ओहोटीचे प्रवाह भारी होतात. मुंबईसमोर ते दर सहा तासांनी उलटतात आणि जहाजाला वर-खाली झुलवतात. त्यामुळे कोणता तालुका हे आधी सांगता येते, नेमकी कोणती पुळण हे शेवटची भरती ठरवते. पवित सात-आठ किलोमीटर दक्षिणेला उतरली असती तर समोर वांद्रे-वरळी सागरी सेतूचे खांब होते. विस्डमच्या वेळी ही धास्ती उघडपणे बोलली गेली होती.

30 जुलै 2011 ला आषाढी अमावास्या, म्हणजे मुंबईची गटारी, होती. दुसऱ्या दिवशी श्रावण शुद्ध प्रतिपदा. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा, की तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीचे तास मिळतात. प्रतिपदेला पाऊण तास, म्हणजे रात्री आणि दुपारी पाऊण वाजण्याच्या सुमारास भरती. नौका सकाळी रुतलेली दिसली, तेव्हा ती मध्यरात्रीनंतरच्या भरतीने टेकली असणार.

इथे दोन गोष्टी तिच्या विरुद्ध गेल्या. अमावास्येच्या सुमारास उधाण असते. मुंबईत उधाणाची भरती समुद्रनकाशाच्या शून्यापासून सरासरी 4.4 मीटर चढते, अष्टमीच्या सुमाराच्या भांगाची, म्हणजे सर्वांत लहान, भरती 3.3 मीटरच्या आसपास. 1.1 मीटरचा फरक. जुहूसारख्या मंद पुळणीचा उतार शंभरात एक धरला, तर पाण्याची रेषा आठवड्यात 110 मीटर मागे हटते. उधाणाला वर चढलेले जहाज पुढच्या उधाणापर्यंत तिथेच. भांगाला टेकले असते तर पुढच्या काही दिवसांत चढणाऱ्या भरतीनेच ते सुटण्याच्या बेतात आले असते, अर्थात लाटांनी आणखी आत सारले नसते तर.

दुसरी गोष्ट कमी लोकांच्या ध्यानात येते. पावसाळ्यात मुंबईत दुपारची भरती रात्रीच्या भरतीपेक्षा उंच असते, हिवाळ्यात उलट. रात्री टेकलेले जहाज दुपारी पुन्हा सुटून तरंगते आणि लाटा त्याला आणखी वर नेऊन ठेवतात. म्हणजे रात्री लागलेल्या जहाजाच्या बाबतीत हातात बारा तास असतात. त्यात त्याच्या रिकाम्या टाक्या समुद्राच्या पाण्याने भरून ते मुद्दाम जड करायचे, म्हणजे दुपारच्या भरतीला ते उचलले जाणार नाही. सुटका करायला आलेले लोक जहाजात आधी पाणी भरतात हे बघ्यांना वेडेपणाचे वाटते, पण पुढच्या पंधरा दिवसांचे अर्धे काम त्यात होते. पवितवर मात्र ना माणूस होता ना वीज.

ओढून काढणे

या आकाराची टाकीनौका साधारण 65 मीटर लांब आणि 11 मीटर रुंद धरू. पाणरेषेवरचा तिचा छेद 570 चौरस मीटरच्या आसपास येतो. म्हणजे पाणी एक सेंटिमीटर उतरले की सुमारे 5.9 टन वजन पाण्यावरून वाळूवर येते. उधाणाच्या भरतीला जेमतेम टेकलेली नौका भांगाच्या भरतीला 1.1 मीटर कमी पाण्यात असते: वाळूवर 645 टन. ओल्या वाळूवर घसरायला या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त ओढ लागते, म्हणजे सव्वादोनशे टन. बंदरातल्या चांगल्या टगची ओढ 40 ते 60 टन. चार-पाच टग मिळाले तरी उथळ पाण्यात ते एकत्र लावायला जागा नसते.

तीच नौका पुढच्या उधाणाला, टाक्यांतले पाणी उपसून वाळूवरचे वजन 100 टनांवर आणल्यावर, 35 टन ओढीने हलते. एक टग पुरतो. त्यामुळे अशा कामात रोजच्या रोज ओढाताण करणे म्हणजे दोर तोडणे. मधले दिवस तयारीचे: टाक्यांत आणि इंजिनखोलीत काय आहे ते मोजणे, इंधन आधी बाहेर काढणे, फुटक्या जागा बुजवणे, पाणी उपसून पुन्हा चढते का ते पाहणे, आणि समुद्राकडे नांगर टाकून त्यावर दोर ताणून ठेवणे, म्हणजे प्रत्येक भरतीला नौका आणखी आत सरकत नाही.

सगळ्यांत किचकट भाग दोर पोचवण्याचा. टगला स्वतःला चार-पाच मीटर पाणी लागते, त्यामुळे तो पाचशे मीटरपेक्षा जवळ येऊच शकत नाही. मधल्या पट्ट्यात लाटा फुटत असतात. आधी बारीक तरंगता दोर, त्यावरून मध्यम, मग मुख्य, अशा क्रमाने तो नेतात. पोलादी तार वाळूत रुतून बसते, म्हणून शक्यतो शेवटचा भाग तरंगणाऱ्या कृत्रिम धाग्याचा ठेवतात. ओढ भरतीच्या अर्धा तास आधी सुरू करून ओहोट लागेपर्यंत धरायची. झटके द्यायचे नाहीत. लाटेने नौका किंचित उचलली की तेवढ्याच क्षणांत ती काही सेंटिमीटर सरकते, आणि ती सरकत असताना ताण सैल पडू द्यायचा नाही.

13 ऑगस्टला नारळी पौर्णिमा होती. उधाणाची सर्वांत मोठी भरती पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येते. पवित 15 ऑगस्टच्या सुमारास वाळूवरून सुटली. विस्डमही 11 जूनला लागून जुलैच्या सुरुवातीला, 1 तारखेच्या अमावास्येच्या उधाणात निघाली होती. दोन्ही वेळा वर्तमानपत्रांत सुटकेच्या बातम्या आल्या. पंचांग उघडले असते तर तारीख पंधरा दिवस आधी छापता आली असती.

खर्च कोणी द्यायचा हा प्रश्न त्या वर्षी फार गाजला. नैरोबीचा जहाजभग्नावशेषांचा करार 2007 चा, भारताने तो मार्च 2011 मध्ये स्वीकारला, पण तो जगभर लागू झाला 14 एप्रिल 2015 ला. त्याखाली 300 टनांच्या वरच्या जहाजाला अवशेष हलवण्याच्या खर्चाचा विमा ठेवावा लागतो. 2012 मध्ये भारताने आपल्या बंदरांत आणि नांगरवाड्यांत येणाऱ्या जहाजांसाठी विम्याचे नियमही केले. बंदरात न येता नुसतेच वाहत येणाऱ्या जहाजाला मात्र प्रवेशाचे नियम अडवू शकत नाहीत.

किनाऱ्यावरच्या माणसांसाठी

जहाज लागले की जुहूला जत्रा भरते. पण त्या धुडाजवळचा समुद्र कालपर्यंतचा समुद्र नसतो. लाटा आणि किनाऱ्यालगतचे पाणी त्याला अडून दोन्ही टोकांना वळसा घालतात, वेग वाढतो आणि नाळेपाशी व मागच्या टोकाशी वाळू खणली जाते. गुडघाभर पाण्यातून चालणारा माणूस दोन पावलांत गळ्याइतक्या खड्ड्यात उतरतो. खड्ड्यात तळ भुसभुशीत असतो, त्यामुळे पाय रोवून परत वर येता येत नाही. जहाजाच्या कुशीला लागून पाणी समुद्राकडे परततानाही ओढ तयार होते. असा बाहेरचा ओघ सेकंदाला एक मीटरचा असला तरी पट्टीचा पोहणारा त्याच्याविरुद्ध फार वेळ टिकत नाही. ओढला गेलेल्याने जहाजाकडे तर मुळीच पोहू नये: पोलादाला धारदार शिंपले, कालवे आणि गंज असतो, लाट माणसाला त्यावर घासते. ओघाला आडवे, किनाऱ्याला समांतर आणि जहाजापासून लांब पोहावे. दमला असेल त्याने पाठीवर तरंगून हात वर करावा.

ओढ सुरू असताना दोराच्या रेषेत, त्याच्या मागे किंवा त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहू नये. पन्नास टन ताणातला कृत्रिम दोर तुटला तर त्याचे टोक दिसण्याआधी लागते. पोलिसांचा बंदोबस्त बहुधा जहाजाभोवती असतो, दोराच्या वाळूवरच्या टोकाभोवती तो हवा.

जहाज निघून गेले तरी त्याने केलेले खड्डे लगेच बुजत नाहीत. पावसाळी लाटा किनाऱ्यावरची वाळू समुद्रात नेत असतात, आणायला ऑक्टोबर उजाडतो. विसर्जन भाद्रपदात, म्हणजे त्याच्या आधी. जहाज जिथे उभे होते त्याच्या दोन्ही टोकांपासून पन्नास-साठ मीटरपर्यंतचा तुकडा ओहोटीला काठीने चाचपून खुणा लावाव्यात आणि गणपती तिथून बाजूला न्यावेत.